आज कुठेच जायचं नाही

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पेला हातात देताना आमच्यासोबतच्या चार पोर्टरांपैकी थोरल्याने विचारलं, "आज किधर जाना है, दीदी?"

"कहीं नहीं," मी म्हटलं.

तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तबियत ठीक है ना सबकी?"

तब्येत उत्तम होती. समोर तीर्थन नदी दगडांवर आपटत चालली होती. पलीकडच्या काठावर ऊन अजून उतरलं नव्हतं आणि आमच्यातले दोघं अजून स्लीपिंग बॅगेत होते. कालही आम्ही कुठे गेलो नव्हतो. दुपारी थोरला धाकट्या पोर्टराशी कुळवीत काहीतरी बोलत होता. शब्द कळले नाहीत, पण चेहऱ्यावरून अर्थ लागला: माणसं वयस्कर आहेत, मजुरी रोजावर आहे, आपलं काय जातंय.

हे 'कहीं नहीं' पदरात पाडून घ्यायला आम्ही जूनपासून खपत होतो.

आम्ही चौघं. मी, नवरा, डॉक्टर असलेली माझी धाकटी बहीण आणि कॉलेजपासूनचा एक मित्र, ज्याला आम्ही नकाशेवाला म्हणतो. सगळे पन्नाशी ओलांडलेले. सगळ्यांचं डोंगरातलं शिक्षण एकाच शाळेतलं: शनिवारी रात्रीची शेवटची एसटी, पायथ्याच्या गावातल्या मारुतीच्या देवळात पथारी, रविवारी गड, सोमवारी ऑफिसात डोळे चोळत हजर. हिमालयही तसाच पाहिला. यूथ हॉस्टेलच्या सार पास मोहिमेने महाराष्ट्रातल्या किती मुलामुलींना पहिला बर्फ दाखवला असेल, त्याची गणती नाही, आम्ही त्यांतलेच. मे महिना, कसोलचा बेस कॅम्प, ठरलेली तुकडी, रोज नवा कॅम्प, रोज सकाळी शिट्टी. त्या दिवसांत मी हिमालय पाहिला तो मुख्यतः पुढच्याच्या सॅकच्या बाजूने जेवढा दिसला तेवढा. घरी आल्यावर आईने विचारलं, "झाडं कसली होती गं तिकडे?" मला एकाचंही नाव सांगता आलं नाही.

यंदा ठरवलं की खिंड ओलांडायची नाही, शिखर गाठायचं नाही. डोंगरात राहायला जायचं. आठ-दहा दिवस, तंबूत, गाडीरस्त्यापासून लांब.

ठरवणं सोपं होतं. निवडायला बसलो तेव्हा कळलं की डोंगरांविषयीची आपल्याकडची सगळी माहिती चालणाऱ्यांसाठी लिहिलेली असते. किती किलोमीटर, किती चढ, खिंडीची उंची किती. बसणाऱ्यासाठी कुणी लिहीतच नाही. नकाशेवाल्याने सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे उतरवून घेतले, मोठ्या कागदावर छापले आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरले. म्हणाला, "चालायचं असेल तर तुटक रेघ बघायची. राहायचं असेल तर रेघांमधली मोकळी जागा." समोच्चरेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की कडा. त्या सुट्या झाल्या की सपाटी. त्या सपाटीजवळून निळी रेघ जात असेल, आणि तिथून दोन-तीन दिशांना दिवसाभरात जाऊन येण्याजोगं काही असेल, तर ती जागा आपली. अर्थात चार तंबूंपुरती सपाटी एवढ्या नकाशात दिसत नाही. ती गावात जाऊन विचारावी लागते.

प्रत्येकाच्या अटी होत्या. बहिणीची अट अशी की कुठल्याही मुक्कामावरून एका दिवसात गाडीरस्त्याला लागता आलं पाहिजे. "मला सुट्टी हवी आहे, पेशंट नकोत." नवऱ्याला झाडं हवी होती. माझं म्हणणं एवढंच की सकाळी तंबूची चेन उघडल्यावर समोर दुसरे चाळीस तंबू दिसू नयेत.

सह्याद्रीच का नको, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला आणि त्यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला. घरचा डोंगर टाकून बाराशे मैल जायला मनाला पटत नाही. पण सह्याद्री हा मुळात तंबूचा डोंगर नाही. दिवाळीनंतर ओढे आटत जातात, वरच्या अंगाला भरवसा फक्त कातळातल्या टाक्यांचा. धार अरुंद, आणि अर्ध्या दिवसाच्या चालीवर एखादी वाडी लागतेच. वाडीत पडवी असते, चूल असते, "जेवून जा की" असतं. तिथे अंगणाबाहेर तंबू ठोकून पाकिटातलं सूप पिणं म्हणजे शुद्ध करंटेपणा. आणि खरोखर दाट, निर्मनुष्य रान उरलंय ते कोयना-चांदोलीच्या अंगाला. २०१० साली त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकून राहता येत नाही, आणि येऊही नये. सह्याद्रीत गडावर एक रात्र, गुहेत एक रात्र, देवळात एक रात्र असं फिरावं. आठ रात्री एकाच जागी रुतून बसायला तो वाव देत नाही.

लडाख नवऱ्याच्या अटीवर पडलं. मारखाचं खोरं सुंदर आहे, पर्जन्यछायेत असल्याने आपल्याकडे पाऊस धो धो कोसळत असतो त्या जुलै-ऑगस्टमध्येही तिथे जाता येतं. पण लेहच ३५०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस नुसते अंग सरावण्यात घालवावे लागतात. पुढे मारखा संपवायचं तर पाच हजार मीटरांवरची खिंड चढावी लागते. शिवाय सावली नाही. नदीकाठचे विलो-पॉप्लर सोडले की झाड दृष्टीला पडत नाही, आणि भर दुपारी तिथला तंबू म्हणजे तापलेला तवा. स्पितीचंही तेच.

काश्मीरच्या तळ्यांचा ट्रेक, सोनमर्गहून विशनसर, किशनसर, गडसर, सतसर करत गंगाबलपर्यंत, मी दहा वर्षांपूर्वी केला आहे. डोळ्यांचं पारणं फिटतं यात शंका नाही. पण तो माळेसारखा ओवलेला आहे. एक मणी सोडून चालत नाही, आणि ज्या तळ्याकाठी आपल्याला चार दिवस राहावंसं वाटतं तिथे एका रात्रीनंतर पुढचे लोक येऊन ठेपतात. सिक्कीमला परवाने, नोंदणीकृत गाइड हे सगळं चाललं असतं, पण तिकडून पाऊस उशिरा हटतो आणि आमच्या सुट्ट्या दिवाळीला बांधलेल्या. अरुणाचलचा विचार दहा मिनिटं केला.

उत्तराखंडवर मात्र मी अडून बसले होते. माझ्या डोक्यातलं चित्रच बुग्यालचं होतं: झाडांची रेषा संपते तिथून वर पसरलेली कुरणं, मागे बर्फ, मध्ये आपला एक पिवळा तंबू. बहिणीने फोनवरची जुनी बातमी दाखवली. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्री मुक्काम करायला बंदी घातली आणि पर्यटकांच्या संख्येलाही मर्यादा घातली. आधी राग आला. मग कारण वाचलं. त्या उंचीवर गवताला वाढायला वर्षातले जेमतेम चार-पाच महिने मिळतात, बाकीचे महिने ते बर्फाखाली असतं. एका तंबूखाली तीन दिवस दबलेलं गवत पिवळं पडतं. शंभर तंबू, त्यांचे स्वयंपाकाचे खड्डे, खेचरांचे खूर आणि संडासासाठी खणलेल्या जागा एका उन्हाळ्यात आल्या की मातीच सुटते. माझ्या चित्रातला तो एक पिवळा तंबू माझ्यासारख्याच हजारो जणींच्या चित्रात होता, हे लक्षात आल्यावर मी गप्प बसले. व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये तर पूर्वीपासूनच रात्री राहता येत नाही; घांगरियाला मुक्काम करून दिवसा जाऊन यावं लागतं.

याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या भाच्याशी बोलणं झालं. तो दर उन्हाळ्यात सिएरा नेवाडात आठवडाभर तंबूत राहतो. तिकडे किती माणसांनी रानात शिरायचं याचा कोटा असतो, परवाना आधी काढावा लागतो आणि योसेमिटीसारख्या ठिकाणी सगळं अन्न अस्वलाला उघडता येणार नाही अशा बंद डब्यात ठेवावं लागतं. पोर्टर हा प्रकार नाही, ओझं आपलं आपणच वाहायचं. "मावशी, तुम्ही दुसऱ्याच्या पाठीवर तंबू टाकून जाता?" असं त्याने विचारलं. त्याला म्हटलं, माझ्या गुडघ्याला विचार. पण प्रश्न टोचला होता, आणि त्याचं अर्धंमुर्धं उत्तर मला पुढे, रोल्लाच्या मुक्कामावर मिळालं.

शेवटी बोट थांबलं ते हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातल्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कवर. १९८४ साली आखलेलं, १९९९ साली रीतसर अधिसूचित झालेलं आणि २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेलं हे रान. गाभ्याचं क्षेत्र ७५४ चौरस किलोमीटर आणि त्यात गाडीरस्ता नाही. तीर्थन, सैंज, जीवा आणि पार्वती या नद्यांची पाणलोट क्षेत्रं त्यात येतात. खालची टोकं दीड-दोन हजार मीटरांवर, वरची सहा हजारांच्या घरात. आम्हाला यातलं खालचंच हवं होतं. झाडांमध्ये राहता येईल, पाणी बारमाही, आणि वर जावंसं वाटलं तर वर जाता येईल. गर्दी मनालीला, कसोलला आणि खीरगंगेला वळते. इकडे वाट वाकडी करून येणारे थोडे.

सैंज की तीर्थन यावर एक संध्याकाळ गेली. सैंजच्या खोऱ्यात जलविद्युत प्रकल्पांची धरणं, बोगदे, ट्रक आहेत, आणि जुलै २०२३ च्या पुरात सैंजचा बाजार वाहून गेला ती दृश्यं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. तीर्थन मोकळी आहे. ती आपोआप मोकळी राहिलेली नाही. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि खोऱ्यातल्या लोकांनी या नदीवर येऊ घातलेल्या प्रकल्पांविरुद्ध चिकाटीने लढा दिला म्हणून ती आज उगमापासून खालपर्यंत वाहते. नदीकाठी आठ दिवस काढायचे असतील तर नदी नदीसारखी वाहायला हवी, एवढा साधा हिशेब होता.

पुढचा घोळ तारखांचा. मे-जून चांगला, पण तेव्हा आमच्यातल्या दोघांना सुट्टी नाही. जुलै-ऑगस्टचा पाऊस या खोऱ्यांत जीवघेणा. सप्टेंबरच्या मध्यापासून आकाश निवळतं. आम्ही ऐन दसऱ्याचा आठवडा धरला आणि तीर्थनच्या खोऱ्यातल्या गुशैणी गावातल्या होमस्टेच्या मालकांना फोन केला. ते हसायलाच लागले. "दशहरे में आदमी कहाँ मिलेगा जी? सब देवता के साथ जाएँगे." आपलं सोनं लुटून झालं की दसरा संपतो, कुल्लूचा त्या दिवशी सुरू होतो. ढालपूरच्या मैदानावर सात दिवस मेळा, आणि खोऱ्याखोऱ्यांतले देव माणसांच्या खांद्यांवरून रघुनाथाच्या भेटीला येतात. वारीच्या दिवसांत आळंदीहून कुणी हमाल मागावेत, तसा आमचा प्रकार झाला होता. देव परत घरी पोचल्यावर या, असं ठरलं. तिकडून दिवाळी पुढे उभी. म्हणजे हातात आले कोजागरीनंतरचे आणि धनत्रयोदशीआधीचे दिवस. वद्य पक्षातली रानातली रात्र किती काळी असते आणि त्यामुळे तारे किती दिसतात, हे अनपेक्षितपणे पदरात पडलं.

दिल्लीहून रात्रीची मनालीची बस पहाटे औटला सोडते. तिथून लारजी, बंजार करत गुशैणी. वाटेत साई रोपाला वनखात्याच्या कार्यालयात परवाना घ्यायचा. त्याशिवाय गाभ्यात पाऊल ठेवता येत नाही. गुशैणी साधारण आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर आहे. महाराष्ट्राचं माथं ते इथलं एसटी स्टँड, असं नकाशेवाला म्हणाला आणि आम्ही उगाच जरा खजील झालो.

सॅटेलाइट फोन घ्यावा का, असा विषय निघाला होता. आपल्या देशात सरकारी परवानगीवाचून तो बाळगणं गुन्हा आहे, आणि घड्याळाएवढी सॅटेलाइट संदेशयंत्रंही त्यात येतात. परदेशातून येणारे पर्यटक यात नकळत अडकतात. म्हणून जुनाच उपाय केला. होमस्टेच्या मालकांकडे कागदावर लिहून दिलं: कुठल्या रात्री कुठे, आणि कितव्या दिवशी संध्याकाळपर्यंत न आल्यास माणूस पाठवा. गुशैणीच्या पुढे थोडंसं चाललं की फोन मुका होतो.

रोल्ला हा पहिला मुक्काम. नदीच्या काठाकाठाने, गावं आणि सफरचंदाच्या बागा मागे टाकत, उद्यानाचं प्रवेशद्वार ओलांडून अर्ध्या दिवसात पोचतो आपण. उंची दोन हजार मीटरांच्या जरा वर. मी पुढे होऊन जागा निवडली: नदीला लागून, गादीसारखी मऊ, सपाट. आमचा गाइड म्हणाला, "ऊपर अच्छा रहेगा." मी ऐकलं नाही. तीस वर्षांचा अनुभव ना! रात्री डोंगरावरची गार हवा उतरून नदीच्या पात्रात साठते, हे मी पुस्तकात कितीदा वाचलं असेल. पहाटे तंबूच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकत होतं, स्लीपिंग बॅग ओली आणि बहीण गप्प. तिचं ते गप्प बसणं मला लहानपणापासून ठाऊक आहे. सकाळी मुकाट्याने तंबू उचलून तीस-चाळीस पावलं वर, झाडांखाली नेला. एवढ्याशा अंतराने रात्र कोरडी झाली.

आणि मग काहीच केलं नाही. हे लिहायला सोपं आहे. करायला पहिले दोन दिवस जड गेले. नवरा सकाळी सात वाजता बूट घालून तयार व्हायचा आणि मग कशासाठी ते आठवत नसल्याने पुन्हा काढायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो एका दगडावर बसला तो अडीच तास उठला नाही. डिपर पाहत होता. मुठीएवढा तपकिरी पक्षी, दगडावर उभा राहून दर क्षणाला गुडघे वाकवतो आणि मग फेसाळत्या पाण्यात सरळ चालत शिरतो, तळाशी किडे वेचतो आणि वरच्या बाजूला बाहेर येतो. आपल्या शीळकरी कस्तुराचा हिमालयी भाऊबंदही होता, पहाटे नदीच्या आवाजावर मात करत शीळ घालणारा. जुजुराणा मात्र दिसला नाही. हिमाचलचा हा राज्यपक्षी, लाजाळू आणि दुर्मीळ रानकोंबड्यांपैकी, ज्याला पाहायला जगभरातून लोक इथे येतात. गाइडने तो कुठे बसतो ती झाडी दाखवली. आम्ही त्या झाडीकडे आदराने पाहिलं.

झाडांची नावं मी वहीत उतरवून घेतली. खनोर, म्हणजे रानचेस्टनट, तेव्हा पिवळा पडत होता. अक्रोड. कैल. वर, पुढच्या मुक्कामाच्या म्हणजे शिल्टच्या चढावर रई, तोस आणि खरशू. थोरला पोर्टर प्रत्येक झाडाला हात लावून नाव सांगायचा आणि मी पुन्हा म्हणून दाखवायचे. आता विचारायला आई नाही. यादी आहे.

थोरल्याशी गप्पा झाल्या त्या इथेच, कारण तोही रिकामा होता आणि मीही. वर ज्या गवताळ सपाट्या आहेत त्यांना इकडे थाच म्हणतात. त्याचे वडील उन्हाळाभर मेंढरं घेऊन थाचावर असायचे. आई गुच्छी, कडू, नागछत्री वेचायची. १९९९ साली उद्यानाची अंतिम अधिसूचना निघाली आणि गाभ्यातली चराई, वेचणी बंद झाली. नुकसानभरपाई मिळाली, ती संपली. पुढे गावांमधल्या बायकांचे बचतगट झाले, तरुणांना गाइड-पोर्टरचं काम मिळायला लागलं. "भेड़ तो गई," तो म्हणाला, "अब आप लोग आते हो." हे तो अजिबात कडवट न होता म्हणाला, आणि त्यामुळेच मला काही सुचेना. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हेच की थोरल्याच्या पाठीवरचा माझा तंबू हीच त्याची आजची मेंढरं आहेत. हे उत्तर चांगलं आहे की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

चौथ्या दिवशी शिल्टला चढलो. साधारण हजार मीटरचा उभा चढ, झाडीतून, नदीचा आवाज हळूहळू खाली सोडत. बहिणीचा नियम असा की तीन हजार मीटरांच्या वर गेलं की झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरांहून जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांत एकदा विश्रांती घ्यायची. शिल्ट तीन हजारांच्या जरासंच वर, आणि आम्ही खाली तीन रात्री काढलेल्या; म्हणून तिने हा एकदम हजाराचा टप्पा मंजूर केला. तरी पहिल्या संध्याकाळी सगळ्यांची बोटं ऑक्सिमीटरमध्ये घालून झाली. नकाशेवाल्याचं डोकं थोडं ठणकत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबलं. थांबलं नसतं तर आम्ही खाली उतरणार होतो आणि त्याची कुणाला चुटपुट लागली नसती. पुढची खिंड वाट पाहत नसली की असे निर्णय सोपे होतात.

शिल्टची सपाटी रानातच आहे, पाठीशी तोसाचे उंच खांब आणि समोरची झाडी उघडली की तीर्थनचं सगळं खोरं. तंबू गवतावर ठोकले नाहीत; पूर्वीच्या मुक्कामांनी आधीच उघडी पडलेली माती होती, तिथेच ठोकले. लाकडं जाळायची नाहीत म्हणून स्वयंपाक गॅसवर. गॅसचे डबे विमानातून नेता येत नाहीत हे लक्षात ठेवून ते कुल्लूहून आणवले होते. पण खरी फजिती डाळीची झाली. पुण्यात वजन कमी करण्याच्या बैठकीत प्रेशर कुकर मीच यादीतून काढला होता आणि तूरडाळ मीच भरली होती. दर तीनशे मीटर उंचीमागे पाणी साधारण एक अंशाने लवकर उकळतं. शिल्टला ते नव्वदच्या आसपासच उकळायला लागतं आणि तूरडाळ ढिम्म हलत नाही. दीड तास गॅस जाळून आम्ही टणक दाणे आणि पिवळं पाणी खाल्लं. शेजारच्या पातळ ताडपत्रीखालून शिट्टी ऐकू आली. पोर्टरांकडे कुकर होता. तो त्यांनी एवढ्या चढावर वाहून आणला होता आणि शिकल्यासवरल्या लोकांनी आणला नसेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्या दिवसापासून दोन्ही चुली एक झाल्या. त्यांचा राजमा-भात, आमचं मेतकूट आणि भाजणीची थालिपीठं. मेतकूट त्यांना आवडलं नाही.

रात्री अन्नाच्या पिशव्या तंबूत ठेवायच्या नाहीत, हे इथेही खरंच. ऑक्टोबरात काळं अस्वल थंडीआधी पोट भरून घेत हिंडत असतं. भाच्याचा तो डबा आठवला. आमच्या गाइडने शिधा वनखात्याच्या झोपडीत ठेवून कडी लावली.

एक दिवस शिल्टच्या वर असलेल्या राखुंडीच्या माथ्यावर जाऊन आलो. झाडांची रेषा संपते, मग कोरडं सोनेरी गवत, मग वारा आणि चहूबाजूंना बर्फ. तिघं गेलो, नकाशेवाला खालीच राहिला आणि संध्याकाळी आम्ही आलो तेव्हा त्याने एकच वाक्य सांगितलं, "आज सावली या दगडापासून त्या दगडापर्यंत गेली." दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पश्चिमेकडून ढग आले, गारा पडल्या, तंबूवर वाटाणे ओतल्यासारखा आवाज झाला. आम्ही चौघं एका तंबूत बसून पत्ते खेळलो. संध्याकाळी उघडीप झाली तेव्हा समोरच्या धारेवर काल नसलेली पांढरी रेघ होती. गाइड म्हणाला, आता वरच्या थाचावर जायचे दिवस संपले. आमच्या यादीत ते नव्हतंच.

शिल्टच्या चौथ्या सकाळी थोरला पोर्टर चहा घेऊन आला. पेला दिला, शेजारी उकिडवा बसला आणि स्वतःचा पेला फुंकत खोऱ्याकडे पाहत राहिला. कुठे जायचं ते त्याने विचारलं नाही. मीच सांगितलं की आज खाली उतरायचं आहे. "आज ही?" तो म्हणाला.

रोल्लाला एक रात्र, मग गुशैणी, औट, दिल्ली, गाडी. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी घरी पोचलो. बिल्डिंगमध्ये सगळीकडे पणत्या लागलेल्या. तंबू दमट होता, घडी घालून ठेवला असता तर वास धरला असता. तो गॅलरीत दोरीवर पसरला. आकाशकंदील लावायला जागाच उरली नाही. नवऱ्याने तो शेवटी तंबूच्या दोरीलाच अडकवला.